अक्कलदाढेची शस्त्रक्रिया आणि वांतीचे भय

दंतवैद्याकडे जावयाचे म्हटले की बहुतेकांच्या मनात थोडीबहुत धास्ती उत्पन्न होते. सुई टोचली जाईल, दुखेल, यंत्राचा आवाज होईल, रक्त दिसेल, या भयांचा उच्चार रुग्ण सहज करतो आणि वैद्यही त्यांची दखल घेतो. परंतु काही रुग्णांच्या मनात याहून निराळे एक भय दडलेले असते व ते सांगण्याची त्यांना लाज वाटते. आपल्याला मळमळेल, ओकारी होईल आणि ती थोपविणे आपल्या हाती राहणार नाही, हे ते भय होय. अशा रुग्णास वेदनेचे फारसे काही वाटत नाही. "दुखले तर दुखू द्या, पण पोटात ढवळता कामा नये," असे तो म्हणतो. अक्कलदाढ काढण्याच्या प्रसंगी हे भय विशेष तीव्र होते आणि त्यापायी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. या भयाचे स्वरूप काय, शरीराशी त्याचा संबंध कसा येतो आणि त्यास तोंड कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एका उदाहरणाने आरंभ करतो. पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची खालच्या जबड्यातील डावी अक्कलदाढ आडवी होऊन हाडात अडकली होती. दीड वर्षात तीन वेळा तिच्यावरील हिरडी सुजली, तोंड उघडेना, ताप आला. प्रत्येक वेळी औषधाने सूज उतरली व प्रत्येक वेळी दंतवैद्यांनी दाढ काढून टाकण्याचा सल्ला दिला. पहिल्या खेपेस परीक्षा आली, दुसऱ्या खेपेस घरात लग्न निघाले. तिसऱ्या खेपेस सांगण्यासारखे कारणच उरले नाही, तेव्हा ती आमच्याकडे आली. सातव्या-आठव्या वर्षी घाटातून जाताना एस.टी.त तिला ओकारी झाली होती. शेजारच्या बाई नाक मुरडून उठून गेल्या आणि आईने सर्वांची क्षमा मागितली. प्रसंग एवढाच. परंतु तेव्हापासून प्रवासाच्या दिवशी ती उपाशी राही, लग्नाच्या पंगतीत जेवत नसे, दूध तीनदा हुंगल्यावाचून पीत नसे, आणि घरात कोणाचे पोट बिघडले की मामांकडे राहावयास जाई. त्या प्रसंगानंतरच्या बारा वर्षांत तिला एकदाही ओकारी झाली नव्हती. जे बारा वर्षांत घडले नाही त्याच्यासाठी तिने जवळजवळ रोज काही ना काही सोडून दिले होते.

पाश्चात्त्य मानसोपचारशास्त्रात या विकारास 'एमिटोफोबिया' अशी ग्रीक धातूवरून बनविलेली संज्ञा आहे. मराठीत 'वांतिभय' हा शब्द वापरावयास हरकत नसावी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या विकार-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत याची गणना विशिष्ट भयगंडांमध्ये केली असून, घशात घास अडकण्याच्या भयाबरोबर त्यास 'इतर' या गटात ठेवले आहे. बहुतेक रुग्णांत याचा उगम बालपणी आढळतो आणि उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण बरेच अधिक असते. ओकारी कोणालाच आवडत नाही, हे खरे. तेव्हा नुसत्या किळसेला विकार म्हणता येणार नाही. ती टाळण्याच्या खटाटोपात माणसाचे जेवणखाण, प्रवास, शिक्षण, औषधोपचार यांचा संकोच होऊ लागला म्हणजे ते भय विकाराच्या कोटीत जाते.

इतर भयगंडांपासून याचे एक वेगळेपण आहे. सापाला भिणारा मनुष्य सापापासून दूर पळू शकतो. उंचीला भिणारा गच्चीवर जात नाही. वांतिभयग्रस्त माणसाच्या भयाचा विषय त्याच्या स्वतःच्या पोटात वसलेला असतो आणि पोटापासून पळून जाण्याची सोय नाही. म्हणून तो पोटावर पहारा ठेवतो. आता पोटात दिवसभर काही ना काही हालचाल चाललेलीच असते: भूक, वायू, आम्लपित्त, जेवणानंतरचा जडपणा. पहारेकऱ्याला यांपैकी प्रत्येक गोष्ट संशयास्पद वाटू लागते. संशय आला की भय वाढते, भय वाढले की पोट अधिकच ढवळते, आणि 'पाहा, मला वाटलेच होते' अशी खात्री पटते. शारीरिक संवेदनेचा विपरीत अर्थ लावल्याने भीतीचा झटका कसा येतो याची जी उपपत्ती ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली मांडली, ती या चक्राला चांगली लागू पडते.

परंतु ही सर्व 'मनाची कल्पना' आहे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. भयाने येणारी मळमळ ही खरीखुरी मळमळ असते. यासाठी शरीरक्रियेचा थोडा विचार केला पाहिजे.

वांती ही मूलतः संरक्षक क्रिया आहे. पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याची ती व्यवस्था होय. तिचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते. तेथे रक्तातील घातक द्रव्यांची चाहूल घेणारा एक छोटा भाग आहे. 1950 च्या सुमारास बोरिसन आणि वँग या अमेरिकन संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याचे कार्य उलगडून दाखविले. या केंद्राकडे वर्दी अनेक वाटांनी पोहोचते. जठर व आतडी यांच्या अस्तरातून 'सेरोटोनिन' नावाचे द्रव्य सुटते व एका लांब मज्जातंतूच्या द्वारे वर्दी वर जाते. गाडी लागते तेव्हा ती अंतर्कर्णाकडून येते. आणि वास, दृश्य, आठवण व भय यांची वर्दी मेंदूच्या वरच्या भागांतून खाली येते. म्हणजे भय हा वांतीच्या केंद्राकडे जाणारा एक अधिकृत रस्ताच आहे. घशाच्या मागील भागास स्पर्श झाला असता जो उमासा येतो तो मात्र याहून निराळा. श्वासमार्गाचे रक्षण करणारी ती एक स्थानिक प्रतिक्षिप्त क्रिया असून तिच्यामागून ओकारी आलीच पाहिजे असे मुळीच नाही. दात घासताना चूळ भरणाऱ्या कोणासही हा अनुभव असतो. वांतिभयग्रस्त रुग्ण नेमका हा भेद विसरतो आणि प्रत्येक उमाशाला ओकारीची नांदी समजतो.

मळमळ शिकलेलीही असू शकते. पाव्हलॉव्ह यांच्या अभिसंधानविषयक व्याख्यानांत, जी 1927 साली इंग्रजीत आली, एक बोलका प्रयोग वर्णिला आहे. कुत्र्यास रोज मॉर्फिनची सुई टोचली असता त्याला लाळ सुटे, ओकारी होई व झोप लागे. काही दिवसांनी असे दिसून आले की, टोचण्याची तयारी करणारा मनुष्य दृष्टीस पडताच कुत्र्याला लाळ सुटून ओकारी होऊ लागते. औषध अद्याप शरीरात गेलेलेच नसते. 1955 साली गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, किरणोत्साराने अस्वस्थता येण्यापूर्वी चाखलेले गोड पाणी उंदीर पुढे टाळू लागतात. एखादा पदार्थ खाऊन पोट बिघडल्यावर पुढे कित्येक वर्षे तो पदार्थ पाहवत नाही, हा अनुभव घरोघरी ऐकावयास मिळतो. ज्याला लहानपणी दंतवैद्याच्या खुर्चीत उमासे आले असतील, त्याला त्या दवाखान्यातील लवंगतेलाच्या वासानेच पोटात कसेसे झाले तर त्यात नवल नाही.

भय आणि जठर यांचे नाते तर शरीरशास्त्राच्या इतिहासातील एक मनोरंजक प्रकरण आहे. 1822 साली बंदुकीच्या गोळीने जखमी झालेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन याच्या पोटास कायमचे छिद्र राहिले. त्यातून डॉ. ब्यूमाँट यांनी जठराचे जे निरीक्षण केले ते 1833 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. रोगी संतापला वा अस्वस्थ झाला की जठराचे कार्य बिघडते, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे वॉल्टर कॅनन यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने मांजराचे जठर पाहिले. 1898 साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांत मांजर बिथरताच जठराची हालचाल थांबते आणि ते शांत होताच पुन्हा सुरू होते, असे दिसून आले. याहून विस्मयकारक प्रयोग स्ट्यूअर्ट वुल्फ यांचा. त्यांनी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका गर्भवतीची हकीकत आहे. तिला सतत मळमळ व ओकाऱ्या होत. 'हे औषध घेतले म्हणजे मळमळ थांबेल' असे सांगून तिला जे देण्यात आले ते ओकारी आणणारे इपेकॅक होते. आणि तरीही तिची मळमळ थांबून जठराची हालचाल पूर्ववत झाली! या एका प्रयोगावरून मोठे सिद्धांत उभारणे योग्य होणार नाही, आणि रुग्णास असे फसविणे आजच्या नीतिनियमांत बसणारही नाही. परंतु पोटात काय आहे याइतकेच, पोटात काय होणार आहे ही अपेक्षाही मळमळ ठरविते, एवढे तरी त्यावरून दिसते.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे वळू. सामान्यतः सतरा ते पंचवीस या वयात येणारी ही शेवटची दाढ जबड्यात जागा अपुरी असल्यास अडकते, तिरपी वा आडवी होते. प्रत्येक अक्कलदाढ काढलीच पाहिजे असे नाही. इंग्लंडमधील आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक संस्थेने 2000 सालीच असा निर्णय दिला होता की, अडकलेली परंतु निरोगी दाढ केवळ पुढे त्रास होईल म्हणून काढू नये. उलटपक्षी, वारंवार सूज येत असेल, दाढ किडली असेल वा शेजारच्या दाढेस इजा पोहोचत असेल, तर विलंब करणे धोक्याचे आहे. दाढेचा जंतुसंसर्ग जबड्याखाली व मानेत पसरून श्वासास अडथळा आणू शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 साली वर्णिलेला व त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार तो हाच. ओकारीच्या भयाने दाढ तशीच ठेवणारा रुग्ण अस्वस्थतेच्या एका प्रहराच्या मोबदल्यात केवढा धोका पत्करतो, हे त्यावरून दिसेल.

शस्त्रक्रियेनंतर ओकारी होतेच, हा समज बऱ्याच अंशी जुन्या काळाचा वारसा आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक केले. तेव्हापासून पुढे शतकभर भूल म्हणजे ईथर वा क्लोरोफॉर्म, आणि भुलेतून उठणे म्हणजे ओकाऱ्या, असे समीकरणच होते. आपल्या आजीआजोबांनी सांगितलेल्या इस्पितळाच्या गोष्टी त्या काळच्या आहेत. याखेरीज आजचे तरुण अमेरिकन रुग्णांची वर्णने वाचतात वा पाहतात. तिकडे अक्कलदाढ काढताना गाढ गुंगी वा पूर्ण भूल देण्याचा प्रघात मोठा आहे. आपल्याकडे बहुसंख्य अक्कलदाढा दवाखान्यातील खुर्चीतच, जबड्याचा तेवढाच भाग बधिर करून काढल्या जातात. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी 1943 साली तयार केलेले लिग्नोकेन हे औषध यासाठी वापरतात. योग्य मात्रेत टोचलेले हे औषध वेदनेची वर्दी नेणाऱ्या मज्जातंतूस तेवढ्यापुरते गप्प करते. वांतीच्या केंद्राशी त्याचा सहसा संबंध येत नाही.

ज्यांना पूर्ण भूल द्यावी लागते त्यांच्याविषयी मात्र स्पष्ट आकडे उपलब्ध आहेत. जर्मन भूलतज्ज्ञ आप्फेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली चार प्रश्नांची एक साधी कसोटी तयार केली. रुग्ण स्त्री आहे काय? ती वा तो धूम्रपान न करणारा आहे काय? पूर्वी भुलेनंतर ओकारी झाली होती काय, किंवा गाडी लागते काय? नंतर अफूवर्गीय वेदनाशामक द्यावे लागणार आहे काय? यांपैकी एकही उत्तर होकारार्थी नसेल तर मळमळ वा ओकारी होण्याचा संभव शेकडा 10 च्या आसपास असतो. एक, दोन, तीन, चार होकारांगणिक तो सुमारे 20, 40, 60 व 80 पर्यंत चढतो. (धूम्रपान करणाऱ्यास येथे लाभ होतो, हे पाहून कोणी विडी ओढावयास लागू नये.) हे आकडे श्वासावाटे दिलेल्या भुलेचे आणि प्रतिबंधक औषध न दिल्यासचे आहेत. प्रोपोफॉलसारखी शिरेतून दिलेली भूल, डेक्सामेथासोन, आणि 1990 नंतर प्रचारात आलेले ऑन्डान्सेट्रॉन यांनी हा धोका पुष्कळ कमी करता येतो. सेरोटोनिनची जी वर्दी वर वर्णिली तिचीच वाट ऑन्डान्सेट्रॉन अडविते. डेक्सामेथासोनने तर दाढ काढल्यानंतरची सूजही कमी होते. तेव्हा 'मला गाडी लागते' हे वाक्य भूलतज्ज्ञांस आधी सांगणे ही भित्रेपणाची कबुली नसून उपयुक्त वैद्यकीय माहिती आहे.

खुर्चीतील शस्त्रक्रियेत मळमळ होतच नाही असे नाही, परंतु तिची कारणे बहुधा साधी व निवारण्याजोगी असतात. त्यांतील पहिले कारण उपवास. 'पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार?' असा विचार करून वांतिभयग्रस्त मनुष्य आदल्या रात्रीपासून काही खात नाही. या तर्कात उपाशी पोटी घेरी येते, पित्त खवळते व मळमळ वाढते, हे तो विसरतो. जागा बधिर करूनच दाढ काढावयाची असेल तर दीड-दोन तास आधी मऊ भात, मुगाची खिचडी किंवा पोळीचा काला असे थोडे हलके अन्न घेणे इष्ट. पूर्ण भूल किंवा शिरेतून गुंगी द्यावयाची असेल तर मात्र नियम उलट आहे: घन अन्न सहा तास व स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद, आणि तो नियम काटेकोरपणे पाळला पाहिजे. आपल्या बाबतीत कोणता नियम लागू आहे हे आधीच विचारून ठेवावे.

दुसरे कारण टोचलेल्या औषधातील अॅड्रिनॅलिन. रक्तस्राव कमी व्हावा व बधिरता टिकावी म्हणून ते अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. त्याने काही मिनिटे छाती धडधडते, हात कापतात. हीच लक्षणे भयाचीही असल्याने रुग्णाला वाटते की आता झटका येणार. ही धडधड औषधाची असून ती आपोआप ओसरते, एवढे ठाऊक असले म्हणजे पुष्कळ काम होते. तिसरी गोष्ट बधिरतेची. जीभ व टाळू बधिर झाल्यावर 'मला गिळता येत नाही' असे वाटते. वस्तुतः हरपलेला असतो तो स्पर्श; गिळण्याचे स्नायू चालूच असतात. एकदा मुद्दाम आवंढा गिळून पाहिला म्हणजे खात्री पटते. हाड कोरताना सोडलेले पाणी घशाकडे साचते, हेही उमाशाचे एक नित्याचे निमित्त. खुर्ची पार आडवी न करता किंचित उठती ठेवावी, पाणी शोषून घेणारी नळी मागे धरावी, आणि डावा हात वर केला की काम थांबवावे, अशा तीन विनंत्या कोणताही सुजाण दंतवैद्य आनंदाने मान्य करील. श्वास नाकाने घ्यावा व सोडताना लांबवावा. उमासा येऊ लागल्यास एक पाय किंचित उचलून तेवढा धरून ठेवावा. लक्ष घशावरून उठते, ही दंतवैद्यांची जुनी युक्ती आहे.

काहींना मात्र मळमळीबरोबर घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, नाडी मंद होते. ही ओकारीपेक्षा मूर्च्छेची पूर्वचिन्हे असतात. रक्तदाब एकाएकी उतरल्याने असे होते. अशा वेळी खुर्ची आडवी करून पाय उंच करणे हाच उपाय. ज्यांना रक्त पाहून भोवळ येते त्यांच्यासाठी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओस्ट यांनी हातपाय व धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताठ करून मग सैल सोडण्याची पद्धत सुचविली आहे. तिने रक्तदाब सावरतो.

घरी परतल्यावरच्या मळमळीस दोन गोष्टी मुख्यतः कारणीभूत होतात: गिळलेले रक्त आणि गोळ्या. रक्त जठरास मानवत नाही. पण रक्त येते म्हणून जोराने थुंकले तर जखमेवरील गुठळी निसटते व पुढे तीव्र वेदना होतात. यातून मार्ग असा की, दिलेला गॉजचा बोळा सांगितलेला वेळ न बोलता घट्ट चावून धरावा, डोके उंच ठेवून पडावे, आणि लाळ साचल्यास ती न थुंकता ओठांवाटे फडक्यावर सोडून द्यावी. किंचित रक्तमिश्रित लाळ पोटात गेल्याने काही बिघडत नाही. गोळ्यांच्या बाबतीत वांतिभयग्रस्त रुग्ण दोन चुका करतो. मळमळेल म्हणून एक तर तो गोळी घेतच नाही व वेदनेने हैराण होतो. नाही तर खाण्याच्या भयाने ती उपाशी पोटी घेतो व मग खरोखरच मळमळते. ट्रॅमाडॉल व कोडीन या औषधांनी मळमळ होणे नित्याचे आहे. मूर आणि हर्श यांनी 2013 साली घेतलेल्या आढाव्यानुसार अक्कलदाढेनंतरच्या वेदनेस आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल एकत्र दिल्यास अफूवर्गीय औषधांवर सहसा विसंबावे लागत नाही. आम्लपित्ताचा व्रण, दमा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आयबुप्रोफेनविषयी आधी विचारून घ्यावे. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशकाने तोंडास धातूची चव येते व पोट ढवळते. ते खरोखर आवश्यक आहे काय, हे विचारण्यात गैर काही नाही. आवश्यक असल्यास पेज किंवा गार ताकभात खाऊन घ्यावे.

आणि ओकारी झालीच तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण रुग्णाच्या मनात दिवसरात्र तोच असतो. टाके हिरडीला घातलेले असतात, तोंडाला नव्हे. जबडा आखडल्याने तोंड कमी उघडले तरी पातळ पदार्थ बाहेर पडण्यास पुरेशी वाट असते. पुढे वाकावे, होऊ द्यावे, नंतर कोमट पाणी तोंडात हळूच फिरवून सोडून द्यावे. जखमेतून रक्त येऊ लागल्यास पुन्हा बोळा अर्धा तास चावून धरावा. पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, रक्त थांबत नसेल, किंवा सुजेमुळे गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर विनाविलंब वैद्यांकडे जावे.

येथपर्यंत जे सांगितले ते प्रसंग निभावून नेण्यापुरते झाले. भयाचा मूळ उपचार निराळा व सावकाशीचा आहे. त्यासंबंधी आमच्या अनुभवातून एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. रुग्णास 'तुम्हाला काहीही होणार नाही' असे आश्वासन देऊ नये. ते तासभर टिकते. पोटात पहिली हालचाल होताच कोसळते, आणि सांगणाऱ्यावरील विश्वासही घेऊन जाते. आकडेवारीचाही उपयोग मर्यादितच आहे. शंभरांत दहांना होते म्हटले की, 'त्या दहांत मी असणार' असे रुग्ण म्हणतो, आणि तर्कदृष्ट्या त्याचे तोंड बंद करता येत नाही. त्याचे भय मुळात संभाव्यतेचे नाहीच. 'ते झाले तर मला सोसणार नाही, सर्वांसमक्ष माझी शोभा होईल,' हे त्याचे भय आहे. म्हणून उपचाराचा रोख 'होणार नाही' या खात्रीकडे न ठेवता 'झाले तरी निभते' या अनुभवाकडे ठेवावा लागतो.

या पद्धतीची पूर्वपीठिका जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली पीटर नावाच्या बालकाचे सशाविषयीचे भय ससा हळूहळू जवळ आणून घालविले. जोसेफ वोल्पे यांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात या क्रमशः सामोरे जाण्याला शास्त्रीय बैठक दिली. वांतिभयात या क्रमाची पायरी रुग्णागणिक बदलते. कोणास 'ओकारी' हा शब्द लिहिणे प्रथम जड जाते, कोणास चित्र पाहणे, कोणास दुसऱ्याचा आवाज ऐकणे. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने उपयुक्त पायऱ्या अशा: चमचा जिभेवर थोडा थोडा मागे ठेवून पाहणे, तोंड उघडे ठेवून आरामखुर्चीत दहा मिनिटे पडणे, तोंडात पाणी धरून नाकाने श्वास घेणे, आणि एखाद्या दिवशी नुसतेच दवाखान्यात जाऊन खुर्चीत बसून परत येणे. याच्या जोडीला पिशवी जवळ बाळगणे, दाराजवळ बसणे, वारंवार हुंगणे, 'मला होणार नाही ना?' असे घरच्यांना विचारणे, हे आधार एकेक करून सोडावयाचे असतात. कारण संकट टळले याचे श्रेय रुग्ण नेहमी त्या आधारांना देतो. 2016 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या चोवीस रुग्णांच्या एका छोट्या नियंत्रित प्रयोगात बोधात्मक-वर्तनोपचाराचा लाभ स्पष्ट दिसला. संख्या अल्प आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मात्र शस्त्रक्रिया तीन दिवसांवर आली असताना असा उपचार सुरू करू नये. सहा-आठ आठवडे हाताशी असावेत. नसतील तर प्रतिबंधक गोळी घेऊन दाढ काढून घ्यावी व भयाचा विचार मागाहून करावा. त्या दिवसापुरती वैद्यांनी दिलेली गोळी हे औषध होय. पुढे वर्षभर तीच गोळी पर्सच्या कप्प्यात फिरू लागली तर तो आणखी एक आधार झाला, असे समजावे.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने सात आठवडे या पायऱ्या चढल्यावर दाढ काढून घेतली. काम पाऊण तास चालले. दोनदा तिने हात वर केला व दोन्ही वेळा दंतवैद्य थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे आईने उठविण्यापूर्वीच तिने जंतुनाशकाची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली आणि अर्ध्या तासात तिला ओकारी झाली. बारा वर्षांनंतरची पहिली. आठवड्याने टाके काढून ती भेटावयास आली तेव्हा ही हकीकत तिने दाढेच्या हकीकतीपेक्षा अधिक तपशिलाने सांगितली. मोरीत बसले होते, आईने पाठीवरून हात फिरविला, मग पेज घेतली आणि झोपले, असे ती म्हणाली. "वाईट वाटले, सर, पण मला वाटत होते तसले काही नव्हते." त्यानंतर तिने एस.टी.ने घाट ओलांडण्याची पायरी स्वतःहून यादीत घातली. दूध ती अजूनही हुंगते, एकदा. उजवीकडची अक्कलदाढ सरळ आलेली असून तिला हात लावण्याचे कारण नाही, असे दंतवैद्यांनी सांगितले आहे.